बिनपगारी कारागीर आणि त्यांचे मनःस्वास्थ्य



कामगार चळवळीत उभे आयुष्य घालवलेल्या माणसाने सॉफ्टवेअरवर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. आमचे शिक्षण रात्रशाळेत आणि युनियनच्या कचेरीत झाले. संगणकाचे शास्त्र आम्हांस येत नाही. परंतु जेथे माणूस राबतो तेथे त्याला किती तास राबावे लागते, तो आजारी पडला तर त्याच्या जागी कोण उभा राहतो आणि त्याच्या श्रमाचे फळ कोणाच्या पदरात पडते, हे तीन प्रश्न विचारण्याची आम्हांस सवय आहे. आज हेच प्रश्न आम्ही अशा एका कारागीरवर्गाविषयी विचारणार आहोत की, ज्याला हजेरीपट नाही, पाळी नाही, बहुधा पगार नाही आणि मालकही नाही. आणि तरीही ज्याच्या कामावाचून बँका, रेल्वे आणि इस्पितळे एक दिवस चालणे कठीण आहे.

प्रथम हे काम काय आहे ते पाहू. प्रोग्रॅम म्हणजे यंत्राला दिलेल्या आज्ञांची लेखी यादी. पुष्कळ कंपन्या हे मूळ लिखाण कुलपात ठेवतात. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी याच्या उलट वाट धरली. प्रोग्रॅमचे लिखाण कोणालाही वाचता यावे, बदलता यावे आणि वाटता यावे, असा आग्रह धरून त्यांनी ‘ग्नू’ हा प्रकल्प जाहीर केला. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने त्याच मार्गाने लिनक्स खुला केला. १९९८ पासून या पद्धतीला ‘ओपन सोर्स’ हे नाव रूढ झाले. आपल्या अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सच आहे. त्या फोनवर ‘स्त्री’ किंवा ‘क्ष’ ही जोडाक्षरे तुटक न दिसता नीट जुळून दिसतात, ती हार्फबझ नावाच्या अशाच एका खुल्या प्रोग्रॅमच्या करामतीने. म्हणजे मराठी वाचणाऱ्या माणसाचाही या कारागिरांशी रोजचा संबंध आहे; फक्त त्याला तो ठाऊक नसतो.

गावची विहीर सगळ्यांची असते. (ती सगळ्यांची आहे हेसुद्धा आपल्याकडे मोठ्या झगड्यावाचून खरे झाले नाही.) पाणी सगळेच भरतात, पण गाळ काढायला आत कोण उतरतो हे बहुतेकांना सांगता येत नाही. खुल्या सॉफ्टवेअरची गोष्ट अशीच आहे. प्रत्येक प्रोग्रॅमला कोणी एक किंवा दोघेतिघे सांभाळणारे असतात. इंग्रजीत त्यांस मेंटेनर म्हणतात. आम्ही त्यांना राखणदार म्हणू. लोकांच्या तक्रारी वाचणे, दोष शोधणे, दुसऱ्यांनी पाठविलेल्या दुरुस्त्या तपासून घेणे वा नाकारणे, आणि ठरावीक काळाने नवी आवृत्ती बाहेर काढणे, हे त्यांचे काम. लिनक्सच्या गाभ्यावर काम करणारे बहुतेक लोक आज कंपन्यांचे पगारदार आहेत हे खरे. पण त्या गाभ्याभोवती जे हजारो लहानमोठे प्रोग्रॅम आहेत त्यांची स्थिती तशी नाही. टाइडलिफ्ट या कंपनीने २०२४ साली राखणदारांची पाहणी केली, तीत सुमारे ६० टक्के लोकांनी आपणांस या कामाचा मोबदला मिळत नाही असे सांगितले. ते दिवसा कोठे तरी नोकरी करतात आणि रात्री, रविवारी, सणावारी हे काम करतात.

आता या कामाने मन कसे झिजते ते समजून घेतले पाहिजे, कारण ही झीज बाहेरून दिसत नाही.

साच्यावर उभ्या असलेल्या कामगाराला निदान एवढे कळते की भोंगा झाला म्हणजे पाळी सुटली. राखणदाराला भोंगा नाही. तो झोपतो तेव्हा जगाच्या दुसऱ्या टोकाला कोणाचा तरी दिवस उजाडलेला असतो आणि त्याची तक्रार येऊन पडलेली असते. दुसरे असे की, प्रोग्रॅम सुरळीत चालत असेल तर कोणी चकार शब्द लिहीत नाही. मोडला म्हणजेच लिहितात. दहा लाख लोकांचे काम बिनबोभाट झाले त्याची त्याला खबर नसते, आणि ज्या दहा जणांचे अडले ते मात्र त्याच्या दारात उभे. वर्षानुवर्षे ज्याच्या कानावर केवळ तक्रारच पडते त्याला आपले काम वाईटच आहे असे वाटू लागते. गिरणीत एक जॉबर शिव्या देई. येथे वापरणारा प्रत्येक जण जॉबर होऊ शकतो. कर्ल या सुप्रसिद्ध प्रोग्रॅमचे कर्ते डॅनियल स्टेनबर्ग यांस २०२१ साली एका अनोळखी माणसाने ठार मारण्याची धमकी लिहून पाठविली होती. दोष काय, तर त्यांचे नाव प्रोग्रॅमबरोबर सगळीकडे छापलेले असते!

आणि तिसरी गोष्ट, जी आमच्या मते सर्वांत जाचक आहे, ती म्हणजे या कामाला बदली नाही. गिरण्यांच्या काळात कायम कामगाराचा खाडा झाला की दारावर उभ्या असलेल्या बदली कामगारास आत घेत. बदलीवाल्यांचे हाल फार होते, त्याविषयी आम्ही पुष्कळ भांडलो आहोत. पण साचा बंद राहत नसे आणि आजारी माणसाच्या छातीवर साच्याचे ओझे राहत नसे. एकटा राखणदार आजारी पडला तर त्याचा साचा बंद पडतो आणि बंद पडल्याचा बोल त्यालाच लागतो.

माणूस कामाने करपून जातो या अवस्थेला इंग्रजीत ‘बर्नआउट’ म्हणतात. हा शब्द मानसशास्त्रात आणणारे हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी आपला निबंध १९७४ साली प्रसिद्ध केला. त्यांनी पाहिलेली माणसे कारखान्यातली नव्हती. ती न्यूयॉर्कमधील मोफत दवाखान्यात सेवाभावाने काम करणारी होती. फ्रॉइडेनबर्गर स्वतः दिवसा आपला व्यवसाय करून रात्री त्या दवाखान्यात राबत आणि तेही त्यात करपले. त्यांचा निष्कर्ष ध्यानात घेण्यासारखा आहे: जो अधिक तळमळीचा तोच आधी करपतो. कामचुकार माणसाला ही बाधा होत नाही. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगवर्गीकरणात या अवस्थेची नोंद केली ती रोग म्हणून नव्हे, तर कामाच्या जागी दीर्घकाळ साचलेला ताण नीट न हाताळल्याचा परिणाम म्हणून. शक्ती संपणे, कामाविषयी मन उडणे किंवा कडवट होणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे, अशी तिची तीन लक्षणे सांगितली आहेत. रोग नव्हे म्हटले म्हणजे क्षुल्लक असे कोणी समजू नये. कारण कामाच्या रचनेत आहे, तेव्हा उपायही रचनेतच शोधला पाहिजे, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो. थकलेल्या माणसाला प्राणायाम करा, सकाळी फिरायला जा, असा सल्ला देणे सोपे असते; त्याने फायदाही होत असेल. पण बारा तासांच्या पाळीवर प्राणायाम हा उतारा नव्हे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवून आठवड्याची सुटी मागितली आणि १८९० साली रविवार मिळाला; तो मनःस्वास्थ्याचाच उपाय होता, त्याला तेव्हा ते नाव नव्हते एवढेच.

बदली नसल्याने काय ओढवते हे २०२४ साली सगळ्या जगाने पाहिले. ती हकीकत जरा सविस्तर सांगतो.

एक्सझेड नावाचा एक प्रोग्रॅम आहे. मोठी फाइल दाबून लहान करणे एवढेच त्याचे काम. लिनक्सवर चालणाऱ्या असंख्य यंत्रांत तो असतो. फिनलंडमधील एक गृहस्थ तो अनेक वर्षे जवळजवळ एकट्याने आणि बिनपगारी सांभाळीत होते. त्यांचे नाव त्या वेळी पुष्कळ छापले गेले. आम्ही ते येथे मुद्दाम घेत नाही, कारण त्यांना त्याचा ताप पुरेसा झाला आहे. २०२२ साली काही अनोळखी नावांनी त्यांच्याकडे तगादा सुरू झाला. दुरुस्त्या वेळेवर घेतल्या जात नाहीत, काम रखडले आहे, नवा राखणदार नेमल्यावाचून प्रगती होणार नाही, असा त्या पत्रांचा सूर. त्या गृहस्थांनी उत्तर दिले. आपला रस संपलेला नाही; पण मुख्यतः दीर्घकाळच्या मानसिक आजारामुळे आपली शक्ती कमी पडते, आणि हे बिनपगारी, हौसेचे काम आहे हेही लक्षात घ्यावे, असे त्यांनी चारचौघांत लिहिले. असे लिहायला धैर्य लागते. त्यावर पत्र आले ते असे की, आपल्या आजाराचे वाईट वाटते, पण माणसाने आपल्या मर्यादा ओळखाव्यात आणि कारभार दुसऱ्याच्या हाती द्यावा.

दुसरा तयारच होता. ‘जिया टॅन’ या नावाने २०२१ पासून कोणी एक जण अतिशय सौजन्याने दुरुस्त्या पाठवीत होता. थकलेल्या माणसाच्या मदतीला एवढा एकच इसम धावून आला, आणि हळूहळू नवी आवृत्ती काढण्याचा अधिकार त्याच्याकडे गेला. फेब्रुवारी व मार्च २०२४ मध्ये त्याने काढलेल्या दोन आवृत्त्यांत चोरदरवाजा बसविलेला होता. ज्याच्याकडे त्याची किल्ली त्याला दूरच्या यंत्रात शिरून हवे ते करता आले असते. मायक्रोसॉफ्टमधील एक अभियंता आन्द्रेस फ्रॉइंड यांना आपल्या यंत्रात शिरताना सुमारे अर्धा सेकंद उशीर का होतो असा प्रश्न पडला. त्यांनी त्याचा पाठपुरावा केला आणि २९ मार्च २०२४ रोजी ही लबाडी जाहीर केली. त्या आवृत्त्या सर्वत्र पसरण्यापूर्वीच पकडल्या गेल्या. जिया टॅन या नावामागे कोण होते ते आजवर उघड झालेले नाही.

संगणकातील जाणकार या प्रकरणात चोरदरवाजाची कारागिरी पाहतात. आमची नजर २०२२ च्या त्या पत्रव्यवहारावर खिळते. चोराने कुलूप शोधले नाही. त्याने थकलेला माणूस शोधला. जगात इतक्या कंपन्या तो प्रोग्रॅम फुकट वापरीत होत्या. त्या माणसाने आपण आजारी आहोत असे लिहिले तेव्हा त्यांपैकी कोणी बदली पाठवली नाही, म्हणून खोटा बदली दारावर येऊन उभा राहिला. आणि नंतर निस्तरायला आले ते पुन्हा तेच फिनलंडचे गृहस्थ. त्यांनी सारे लिखाण तपासले, चोरदरवाजा काढला आणि मे २०२४ अखेर स्वच्छ आवृत्ती बाहेर काढली.

आता बदली असली म्हणजे काय होते तेही पाहा. लिनस टॉरव्हाल्ड्स यांची पत्रांतली भाषा वर्षानुवर्षे फार कडक, कित्येकदा अपमानकारक असे. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी आपल्या वागण्याबद्दल माफी मागितली, दुसऱ्यांच्या भावना कशा समजून घ्याव्यात यासाठी आपण मदत घेणार आहोत असे जाहीर केले आणि ते काही आठवडे कामापासून दूर झाले. त्याच सुमारास लिनक्सने वागणुकीची नवी आचारसंहिताही स्वीकारली. त्यांच्या अनुपस्थितीत ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी काम पाहिले, ऑक्टोबरमध्ये नवी आवृत्ती निघाली, आणि टॉरव्हाल्ड्स परत आले. साचा बंद पडला नाही, आणि गेलेल्या माणसाची जागा कोणी बळकावली नाही. त्या आचारसंहितेवर तेव्हा फार वाद झाला. कागदावरच्या नियमाने माणूस सुधारत नाही, असे टीकाकार म्हणत. आमचा अनुभव निराळा आहे. कारखान्यात स्थायी आदेश लागू झाले म्हणून मुकादम देवमाणूस झाला नाही. पण शिवी खाल्लेल्या कामगाराला बोट ठेवायला एक कलम मिळाले. मात्र कलम असून तक्रार ऐकणारा कोणी नेमलेला नसेल तर ते कलम भिंतीवरच्या कॅलेंडरासारखे होते.

पायथन या भाषेचे उदाहरण आम्हांस त्याहून पसंत आहे. तिचे जनक खिडो व्हान रॉसम सुमारे २८ वर्षे शेवटचा शब्द आपल्याकडे ठेवून होते. जुलै २०१८ मध्ये एका लहानशा फेरफारावरून इतका वाद माजला की, तो निर्णय झाल्यावर त्यांनी आपण थकलो आहोत असे सांगून अधिकार सोडला. वारस मात्र नेमला नाही. तुम्हीच व्यवस्था ठरवा, असे सांगितले. सभासदांनी निरनिराळे मसुदे मांडले, मतदान केले, आणि २०१९ पासून निवडून आलेले पाच जणांचे मंडळ कारभार पाहते. एकाच मालकाकडे नोकरी करणारे दोनांहून अधिक जण त्या मंडळावर असू नयेत, असा नियम आहे. हा नियम ज्याने सुचविला त्याने एखादी युनियन जवळून पाहिली असावी असे आमच्या मनात आले! पाच जण असले म्हणजे एक जण आजारी पडू शकतो, एकीला बाळंतपणाची रजा घेता येते, एकाला ‘मला हे जमत नाही’ म्हणता येते. नाही म्हणण्याची सोय ही मनाच्या आरोग्याची पहिली गरज आहे, आणि एकट्या माणसाला ती सोय नसते.

पैशाविषयी थोडक्यात सांगतो, कारण तो भाग उघड आहे. २०१४ साली ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष सापडला. तो ओपनएसएसएल या प्रोग्रॅममध्ये होता. वेबसाइटांवरील गुपिते राखण्यासाठी जगभर जो वापरला जाई, त्या प्रोग्रॅमवर पूर्ण वेळ काम करणारा एकच माणूस होता आणि वर्षाच्या देणग्या सुमारे दोन हजार डॉलर. सदोष लिखाण मूळ साठ्यात दाखल झाले ते ३१ डिसेंबर २०११ च्या रात्री. जग नववर्षाच्या स्वागतात असताना ही माणसे काम करीत होती, यावरून काय ते समजावे. दोष बाहेर आल्यावर मोठमोठ्या कंपन्यांनी निधी उभारला. जर्मन सरकारने २०२२ पासून अशा कामासाठी सरकारी पैसा देणे सुरू केले. आपल्याकडे बंगळूरच्या झिरोधा कंपनीने २०२४ साली वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. हे चांगलेच आहे. पण पगार दिला आणि माणूस एकटाच ठेवला तर तो पगारी एकटा होतो. निधी देणाऱ्याने पहिल्या माणसाच्या मोबदल्याबरोबर दुसऱ्या माणसाचीही तरतूद केली पाहिजे.

आम्हांस कोणी विचारतात, मग या लोकांनी संप का करू नये? संपाला मालक लागतो. जानेवारी २०२२ मध्ये एका राखणदाराने चिडून आपल्याच दोन प्रोग्रॅमांत मुद्दाम बिघाड घातला. बड्या कंपन्यांना यापुढे फुकट राबणार नाही, असे त्याने पूर्वीच सांगितलेले होते. संताप रास्त होता. मार्ग आम्हांस पटत नाही. नोटीस न देता केलेल्या त्या कृत्याने कंपन्यांचे काही तासांचे नुकसान झाले, पण त्याच्यासारख्याच फुकट राबणाऱ्या हजारो जणांचे कामही मोडले. ज्यांना आपल्या बाजूस उभे करायचे तेच विरोधात गेले. या कारागिरांच्या हाती खरे हत्यार आहे ते आगाऊ सांगून थांबण्याचे: अमुक तारखेपर्यंत दुसरा माणूस पुढे आला नाही तर हा प्रोग्रॅम सांभाळला जाणार नाही, असे दारावर लिहून ठेवणे. त्यात लाज कसली?

आता ज्या गोष्टीचा आपल्या घरांशी थेट संबंध आहे तिकडे वळतो. महाराष्ट्रातील अभियांत्रिकी कॉलेजांत हजारो मुलेमुली शिकतात. खुल्या सॉफ्टवेअरला हातभार लावा, नोकरीच्या अर्जात ते उठून दिसते, असे त्यांस सांगितले जाते. सल्ला वाईट नाही. पण त्याचा दुसऱ्या टोकाला काय परिणाम होतो ते सांगितले जात नाही. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये चार दुरुस्त्या पाठविणाऱ्यास शर्ट बक्षीस, अशी एका कंपनीची वार्षिक योजना होती. एका भारतीय शिकवणीच्या व्हिडिओत नमुन्यादाखल एक निरर्थक फेरफार करून दाखविला होता. असंख्य मुलांनी तसाच्या तसा तो जगभरच्या प्रोग्रॅमांकडे धाडला. राखणदारांच्या दारी कचऱ्याचा ढीग साचला, आणि चार दिवसांच्या आत आयोजकांना नियम बदलावे लागले. मुले दुष्ट नव्हती. पलीकडे कोणी माणूस बसला आहे, त्याला प्रत्येक कागद उघडून पाहावा लागतो, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. अलीकडे कृत्रिम बुद्धीकडून लिहून घेतलेल्या खोट्या तक्रारींची त्यात भर पडली आहे. लिहायला अर्धे मिनिट लागते, खोटी आहे हे ठरवायला अर्धा दिवस.

ज्या मुलांचे मन या कामात खरोखर रमते त्यांच्याविषयी घरच्यांनी एक ध्यानात ठेवावे. मुलगा वा मुलगी रात्र रात्र जागते, जेवणाखाण्याची शुद्ध नाही, पूर्वी ज्या कामाचा आनंद होता त्याच्याच नावाने चिडते, कोणाशी बोलत नाही, असे आठवड्यामागून आठवडे चालले तर ‘फोन कमी बघ’ एवढ्यावर भागवू नये. कामाची वाटणी, बदली, रजा हे सारे आपण समूहाने करू शकतो. आजार झाला तर डॉक्टरच पाहिजे. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस ही सेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, फुकट आणि मराठीतही बोलता येते.

आणि या कामात पडू इच्छिणाऱ्या तरुणांना आमचे सांगणे असे. पहिल्याच दिवशी दुरुस्ती पाठवू नये. महिनाभर नुसते वाचावे. कोणत्या प्रश्नांची उत्तरे राखणदाराला पुन्हा पुन्हा द्यावी लागतात ते पाहावे आणि ती उत्तरे आपण द्यायला लागावे. हे बिनमानाचे काम आहे, पण त्याने त्याची रात्रीची एक घटका वाचते. दुसऱ्याने पाठविलेली दुरुस्ती चालवून पाहावी आणि चालते की नाही ते लिहावे. चालत असलेल्या प्रोग्रॅमबद्दल वर्षातून एकदा दोन ओळी लिहाव्यात की, तुमचे काम आमच्या येथे अमक्या ठिकाणी चालले आहे. जे काम अंगावर घेतले ते सोडावे लागले तर तसे कळवून सोडावे, म्हणजे मागचा माणूस वाट पाहत बसणार नाही. आणि राखणदाराने ‘सध्या मला बरे नाही’ असे लिहिले तर त्या दिवशी आपली तक्रार त्याच्या दारात नेऊ नये. तुमच्याकडचे कोणते काम आम्ही चार जण मिळून उचलू, असे विचारावे.